ब्रिटिश काळातलं खेडं दाखवणारा एखादा पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट सुचवाल का?

सत्यजित राय यांचा बंगाली ‘अशनि संकेत’ (1973) जरूर बघा. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ मिळालं होतं.

काळ 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा. पण पडद्यावर कुठेही भेगाळलेली जमीन दिसत नाही, सगळीकडे हिरवंगार शेत आणि भरलेली तळी. पीक होतं, तरी युद्धापायी तांदूळ सैन्याकडे आणि साठेबाजांकडे गेला, भाव रोज चढत गेले आणि गरीब उपाशी मेला. इंग्रज साहेब जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती डोक्यावरून जाणारी विमानं, आणि गावातल्या बायका ती कौतुकाने बघतात!

गंगाचरण (सौमित्र चटर्जी) हा गावातला एकुलता एक ब्राह्मण. पूजा, शाळा, वैद्यकी सगळं त्याच्याकडेच, त्यामुळे मान आणि शिधा घरपोच. तांदूळ संपत जातो तसा हा रुबाब गळत जातो. बायको अनंगा दुसऱ्याच्या घरी धान्य कांडायला निघते, तेव्हा त्याचा पडलेला चेहरा बघण्यासारखा आहे. पुढे तोच माणूस भुकेने गेलेल्या अस्पृश्य मोतीची नाडी बघायला तिचा हात हातात घेतो. मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला प्रसंग हाच.

गती संथ आहे, पहिला अर्धा तास धीर धरा. सबटायटल्स लावून बघितलात तर बंगाली येत नसली तरी अडत नाही.