‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडाचं बंड योग्य होतं का?

तुम्ही विचारलंय की पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’ या ॲनिमेशनपटात लग्नाला नकार देऊन राजकन्या मेरिडाने चार कुळांना लढाईच्या तोंडाशी आणलं, आईला अस्वल करून ठेवलं, मग तिला स्वार्थी म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचं चुकलं कुठे? माझ्या मते मेरिडाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी केल्या आणि वाद घालणारे दोन्हीकडचे लोक त्या एकाच गाठोड्यात बांधतात. तिरंदाजीच्या मैदानात तिने जे केलं, त्यात मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. चेटकिणीकडून आणलेला मंतरलेला केक आईला खाऊ घातला, त्यात मात्र ती साफ चुकली.

आधी मैदानाचं बघू. नियम वाचून दाखवते ती राणी एलिनॉर, म्हणजे तिची आईच. प्रत्येक कुळप्रमुखाचं पहिलं अपत्य राजकन्येशी लग्नासाठी स्पर्धेत उतरू शकतं, आणि स्पर्धा कुठली हे राजकन्या ठरवणार. ‘पहिलं अपत्य’ म्हटल्याबरोबर मेरिडाचे कान टवकारतात आणि ती ताबडतोब तिरंदाजी निवडते. बाकीच्या तीन कुळांच्या मुलांची पाळी झाल्यावर ती स्वतः मैदानात उतरते, नाव आणि कूळ सांगते आणि स्वतःसाठी बाण मारते. अंगावरचा झगा इतका घट्ट की धनुष्य ओढता येत नाही. ती जोर लावते तशी शिवण उसवत जाते. डिंगवॉल या कुळप्रमुखाच्या मुलाचा बाण नेमका मध्यावर बसलेला असतो, तो ती आपल्या बाणाने उभा चिरते. यात लपवाछपवी कुठे आहे? सगळ्यांदेखत, आईनेच सांगितलेल्या नियमात बसवून दिलेला नकार आहे हा. ज्या मुलीला बोलायची संधीच मिळत नाही, तिने आणखी कसं बोलायचं?

‘पण युद्ध झालं असतं ना!’ हा मुद्दा खरा आहे. पण मुलीला न विचारता तिचं लग्न लावल्याशिवाय जी शांतता टिकत नाही, ती बिघडल्याचा सगळा दोष त्या मुलीच्या माथी का? शेवटी दरबारात ते तीन मुलगेही सांगतात की जोडीदार आम्हालाही स्वतः निवडायचाय. तोवर त्यांनाही कोणी विचारलेलं नव्हतं.

आता केक. चेटकिणीकडे मेरिडा काय मागते? आईला बदल, म्हणजे माझं नशीब बदलेल. माझं मन उडतं ते इथे. हे आई तिच्याशी जे करत होती त्याचंच दुसरं रूप आहे. एलिनॉरने वर्षानुवर्षं शिकवण्या देऊन मुलीला आपल्याला हवं तसं घडवायचा प्रयत्न केला. मुलीला तेच काम एका घासात उरकायचं होतं. आईला वाटतं पोरीने भांडण मिटवायला आपल्यासाठी खास काहीतरी केलंय, म्हणून ती तो घास खाते. तिला मळमळायला लागतं, आणि मुलगी शेजारी उभी राहून विचारते की लग्नाबद्दल आता काय वाटतं! पुढे अस्वल समोर दिसत असतानाही तिचं पालुपद एकच, ‘माझा दोष नाही’. गोष्टीतल्या मॉर्डू या जुन्या राजपुत्रानेही हेच केलं होतं. राज्य भावांत वाटलेलं त्याला सोसवलं नाही, म्हणून त्याने मंत्राचा आधार घेतला. चित्रपट त्याची कथा मेरिडाच्या कथेला समांतर ठेवतो ते उगीच नाही.

आईही संपूर्ण निर्दोष नाही, हे सांगायला हवं. रागाच्या भरात तिने लेकीचं धनुष्य आगीत टाकलं आणि लगेच पश्चात्तापाने बाहेर ओढलं. त्याआधीचा एक प्रसंग मला फार आवडतो. एलिनॉर नवऱ्याला मेरिडा समजून बोलण्याचा सराव करते, तिकडे मेरिडा घोड्याला आई समजून. एलिनॉर कबूलही करते की स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा तिच्याही मनात शंका होत्या. हे वाक्य तिने लेकीसमोर बोलायला हवं होतं. ही गोष्ट मुळात दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांना स्वतःच्या मुलीबरोबरच्या नात्यावरून सुचली. निर्मितीच्या मधेच त्यांच्या जागी मार्क अँड्र्यूज आले, तरी आईची बाजू चित्रपटात शाबूत राहिली. एलिनॉर खलनायिका वाटत नाही त्याचं श्रेय मी चॅपमन यांनाच देईन. 2013 साली ऑस्कर मिळालं तेही दोघांच्या नावावर.

‘मेरिडाला पश्चात्तापच होत नाही’ असं काही चाहते म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. भांडणात स्वतःच फाडलेला, कुटुंबाचं चित्र विणलेला पडदा शिवून तिने आईच्या अंगावर घातला तरी शाप उतरत नाही. हे सगळं मी केलं, मला तू परत हवी आहेस, असं ती रडत रडत म्हणते, तेव्हा कुठे आई परत मिळते.

आणि ‘स्वार्थी’ म्हणाल, तर तो शब्द दरबारात मेरिडा स्वतःच वापरते. कुळांत फूट पाडल्याची चूक ती सगळ्यांसमोर मान्य करते आणि लग्नाला होकार देण्याच्या बेतात असते. त्या क्षणी सगळ्यांच्या मागे अस्वलाच्या रूपात उभी असलेली एलिनॉर हातवारे करून तिला थांबवते, परंपरा मोडायला सांगते, आणि मेरिडा ते हातवारे बघत बघत शब्दांत मांडते. म्हणजे लग्नाला नकार योग्य होता हा निवाडा खुद्द आईनेच दिलाय. मैत्रिणीशी पुन्हा वाद घालण्याआधी दोघींनी मिळून हा एवढा प्रसंग परत बघा.