परदेशी जायच्या आधी भुईकोट काढा

प्रश्न: रिटायर झाल्यावर स्केचिंग सुरू केलंय, दिवाळीनंतर लेकीकडे लिस्बनला जातोय, तिथं रस्त्यावर बसून काढायचंय तर सामान काय न्यावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: काका, छोटी वही, वॉटरप्रूफ शाईचं पेन, रंगाच्या वड्यांची पेटी, वॉटरब्रश (दांड्यात पाणी भरायचा ब्रश), बास. पण खरं सांगू का, आधी भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वर तलाव, इंद्रभुवनची इमारत हे सगळं जागेवर बसून काढा, फोटोवरून अजिबात नको, २००७ मध्ये गॅब्रिएल कॅम्पनारिओनं सिएटलमधून अर्बन स्केचर्स हे शहरात जागेवर बसून चित्रं काढणाऱ्यांचं मंडळ सुरू केलं, त्याचा जीवच प्रत्यक्ष बघून काढण्यात आहे. आपल्या उन्हात रंग झटकन सुकतो, तिकडं हिवाळ्यात पाऊस, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लवकर वाळत नाही, म्हणून रेघेवर भर द्या. आणि पिवळ्या ट्राम नक्की काढा, एक निघून गेली तरी तशीच दुसरी येते, उरलेलं तिच्यावरून पुरं करता येतं.