टाळ्या मधेच का पडल्या?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कोजागिरीच्या कार्यक्रमात तू एकटीनं गिटार वाजवलीस, सोबत गाणं नाही, तबला नाही. आणि त्यावर गाव जे जे बोललं ते सगळं लिहून पाठवलंस, हे बरं केलंस. सरपंच म्हणाले, 'गानं कवा सुरू होते जी?' चुलतभावाला झोप लागली. स्टेजला टेकून बसलेल्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रीण 'भारी' म्हणाली. मागं उभ्या असलेल्या पोट्ट्यानं विचारलं, 'अजून टूनिंगच चालू हाय का?' आणि आता तू मला विचारतेस की यातलं कोणाचं खरं मानू.

माझी पद्धत सांगतो. जिथं सगळ्यांना एकच वाटलं, ती जागा तुझ्या वाजवण्यातली. जिथं प्रत्येकाला वेगळं वाटलं, ती ऐकणाऱ्याच्या कानातली. पहिलीवर रियाज करायचा, दुसरीवर जीव जाळायचा नाही. तू उलटं करून राहिली आहेस. आजीचे डोळे आणि सरपंचांचा प्रश्न डोक्यात घोळवत बसलीस, आणि लोकांनी दोनदा मधेच टाळ्या वाजवल्या हे मात्र एका ओळीत उरकलंस. अख्खा मंडप दोनदा फसला! रेकॉर्डिंगमध्ये त्या दोन्ही जागा मला लगेच सापडल्या. मोकळी तार छेडून तू हात थांबवतेस, सूर विरतो, लोकांना वाटतं संपलं. पेटीचा सूर भाता चालतो तोवर टिकतो, गिटारचा छेडल्या क्षणापासून मरायला लागतो. तिथं नुसता अंगठा जाड तारेवर चालू ठेवलास, तरी कोणाचा हात टाळीसाठी उठणार नाही.

आता मागच्या पोट्ट्याचं. त्याच्यावर रागावू नको, त्यानं दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की दोन तुकड्यांच्या मधे तू खरोखरच बराच वेळ पिना पिळत होतीस, कारण एक तुकडा साध्या ट्यूनिंगमधला, म्हणजे तारांच्या नेहमीच्या सुरांतला, आणि पुढचा दुसऱ्या. त्यात संध्याकाळनंतर गारवा पडला की पोलादी तार आखडते आणि सूर चढतो, म्हणजे पुन्हा पिळणं आलंच. एका ट्यूनिंगचे तुकडे सलग ठेव आणि ट्यूनिंग एकदाच बदल.

दुसरी गोष्ट त्याला स्वतःलाही माहीत नसेल. तो भोंग्यापाशी उभा होता. गिटारच्या मोकळ्या सहा तारांपैकी जाड चार तारांचे मूळ सूर २०० हर्ट्झच्या खाली असतात, सगळ्यात जाड तारेचा तर ८२ च्या आसपास. आपल्याकडचे भोंगे माणसाचं बोलणं लांब पोचवायला केलेले. इतका खालचा आवाज त्यांच्यातून धड निघत नाही. म्हणजे तुझा अंगठा जे सगळं चालवत होता ते त्या पोराच्या कानापर्यंत गेलंच नाही, वरच्या दोन-तीन तारांची टिकटिक तेवढी गेली. आजी स्टेजला टेकून होती, तिनं लाकडाचा आवाज ऐकला. दोघांनी एकच वाजवणं ऐकलं असं तू धरून चाललीस, पण ते एक नव्हतंच. त्यात तुझ्या गिटारचा पिकअप, म्हणजे आवाज पकडणारी पट्टी, तारा टेकतात त्या घोडीखाली बसवलेला, तो तारेचा टोचरा आवाज आधी पकडतो. पुढच्या वेळी मंडपवाल्याकडून साधा माइक माग आणि वीतभर अंतरावर, गिटारची मान तिच्या खोक्याला मिळते तिकडं तोंड करून लाव. भोकासमोर नको, तिथं नुसता घुमारा येतो. भोंग्याऐवजी खोक्याचे स्पीकर मिळाले तर उत्तमच.

सरपंचांच्या प्रश्नात मला अपमान दिसत नाही. आपल्या मुलखात वाद्य शब्दांच्या मागं चालत आलं आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघरी पोचली ती भजनासकट. दंडारीच्या लोकनाट्यातही ढोलकी आणि टाळ गाण्याला धरून असतात. बिनशब्दांचं संगीत गावाला नवं आहे असं मात्र समजू नको. लग्नात वाजंत्री वाजतेच की, पण ती काहीतरी कळवत असते: हळद लागली, वरात निघाली, पंगत बसली. तुझी गिटार काहीच कळवत नाही, आणि सरपंच कार्यक्रम सुरू झाल्याची खबर मिळायची वाट पाहत बसले. म्हणून आधी एकच वाक्य बोल: 'यात गाणं नाही, पाचेक मिनिटं नुसती गिटार आहे.' त्यापुढं एक शब्द नको. हा तुकडा पावसावर आहे, हा माझ्या बाबांच्या आठवणीत केला, असलं सांगितलंस की सगळे पाऊस आणि बाबा शोधत बसतात, वाजवणं राहतं बाजूला. मला तर ती सवय डोळ्यांसमोर आली तरी चीड येते.

शिवाय 'गिटार' म्हटलं की प्रत्येकाच्या कानात निराळीच वाजते. माझ्या वयाच्या माणसांनी रेडिओवर ऐकली ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांडी घसरवत वाजवायची. सुनील गांगुली, व्हॅन शिपली हे लोक सिनेमाच्या चाली तिच्यावर अशा वाजवायचे की शब्द आपोआप ओठांवर यायचे. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या ज्या रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे, त्यात काबरांचीच गिटार आहे. पुढं विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही मांडीवरच्याच वाद्यासाठी. असं कान तयार झालेला माणूस तुझ्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, शोधणार, आणि पडद्यांवर बोटं दाबून वाजवताना ती फार थोडी निघते. तुझ्या भावाच्या वयाच्या पोरांसाठी गिटार म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यातली, झणझण करणारी. तू बोटांनी एकेक तार वेगळी छेडतेस, तर अंगठ्याचा ठेका आणि वरची चाल दोन्ही एकाच हातातून निघतात हे त्यांना कळणार कसं? अमेरिकेत जॉन फाही १९५९ पासून अशाच बिनगाण्याच्या गिटारच्या रेकॉर्डी स्वतः काढत होता. तिकडंही अशा वाजवण्यात कोणाला ध्यान लागतं आणि कोणाला ते दुकानात मागं लावून ठेवायचं संगीत वाटतं.

आजी का रडली हे तिला विचारू नको. मला एक अंदाज आहे, पण तो वाजवण्याबद्दलचा. त्या तुकड्यात तुझ्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा होत्या. डी ला षड्ज धर, म्हणजे सा-प-सा-म-प-सा झालं. अंगठ्याखाली सा आणि प सतत गुंजत राहतात, एकतारीवर भजन ऐकत म्हातारं झालेल्या माणसाला ते ओळखीचं वाटणारच. तिचे डोळे मात्र कशानं भरले ते तिचं तिच्यापाशी राहू दे. आणि आता दर कार्यक्रमात तोच तुकडा वाजवून कोणीतरी रडावं अशी वाट पाहू नको. त्या वाटेनं गेलेले वादक मी पाहिले आहेत, पुढं त्यांना दुसरं काही वाजवताच येईनासं होतं.

चुलतभावाच्या झोपेचं मला हसू आलं. वडशाच्या नाटक कंपन्यांसोबत मी ऑर्गन वाजवत हिंडलो, आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक रात्री उभं राहतं आणि पहाटे संपतं. मधे अर्धा मंडप डुलक्या काढतो, खलनायक ओरडला की जागा होतो, आणि सकाळी सगळं नाटक पाहिलं म्हणून गावभर सांगतो. झोपलेल्यानं तिकिटाचे पैसे परत मागितलेले मी कधी पाहिले नाहीत.

मैत्रिणीच्या 'भारी'चं काय करायचं ते तू ठरव. माझ्या लेखी ते निरोपाच्या नमस्कारासारखं आहे. त्यापेक्षा पुढच्या वेळी मोबाइल आपल्याकडं नाही, लोकांकडं तोंड करून ठेव आणि रेकॉर्डिंग घरी पाहा. मान कुठं हलायची थांबली, कुजबूज कुठं सुरू झाली, पोरं कुठं उठून गेली. एकाच ठिकाणी चार-पाच जण सुटले असतील तर तिथं तू तीच ओळ वाजवीपेक्षा जास्त वेळा फिरवली असणार. मला वाटतं दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर तसं झालंय, पण मी सांगत नाही, तूच शोध.

भाऊबीजेनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, आहे. दंडार उभी राहायच्या आधी दहा मिनिटं मी मंडळाकडून तुझ्यासाठी मागून घेतली आहेत, खोक्याच्या स्पीकरचंही बोललो आहे. दोनच तुकडे आण, दोन्ही एकाच ट्यूनिंगमधले. तारा जुन्या झाल्यात, रेकॉर्डिंगमध्ये कळतं. नव्या चार दिवस आधी चढव, म्हणजे ताणून बसतील. आणि आईला सांग, रात्री मुक्कामालाच ये म्हणावं, शेवटची एसटी लवकर जाते.

तुझा
काका