स्प्रे कॅनवरचा व्हॉल्व्ह आतून फुगवून बसवतात की बाहेरून दाबून?

आतून फुगवून. व्हॉल्व्ह ज्या पत्र्याच्या वाटीत बसवलेला असतो त्या वाटीत मशीनचं कोलेट उतरतं, म्हणजे उभ्या चिरा दिलेली स्टीलची नळी समजा, बहुतेक ६ किंवा ८ बोटांची, आणि मधला निमुळता दांडा खाली आला की ही बोटं पसरतात आणि वाटीची भिंत बाहेर ढकलून कॅनच्या गोल वळवलेल्या कडेखाली अडकवतात, दांडा वर गेला की बोटं मिटतात न कोलेट सुटून बाहेर येतं. फिलिंग लाइनवर हेच काम करतो म्हणून सांगतोय, पण रिकामा स्प्रे कॅन वरून नीट बघितला तरी वाटीच्या आतल्या भिंतीवर त्या बोटांचे खड्डे दिसतात.

नुसतं फुगवून मात्र सील होत नाही हं, त्याच वेळी वाटी वरून दाबून धरावी लागते म्हणजे तिच्या कडेखालचं गॅस्केट (गळती रोखणारी मऊ कडी) चेपतं, खरी गळती तेच थांबवतं. नेहमीच्या कॅनचं तोंड २५.४ मिमी असतं, क्रिंप झाल्यावर, म्हणजे वाटी अशी फुगवून अडकवल्यावर, फुगवटा साधारण २७.२ मिमी आणि खोली ५ मिमीच्या आसपास, पण नेमका आकडा गॅस्केटच्या जाडीवर न कॅनच्या कडेवर ठरतो. कमी फुगवलं तर गॅस गळतो, जास्त फुगवलं तर वाटी चिरते.

हे फक्त स्प्रे कॅनचं झालं. खाण्यापिण्याच्या डब्यांना कोलेट लागत नाही, तिथे झाकणाची न डब्याची कड रोलरने बाहेरून एकत्र दुमडतात.