लहानपणीचं बरंचसं आठवतच नाही, अंग दुखते पण रिपोर्ट नॉर्मल येतात, संबंध असू शकते का?

हो, असू शकते, अन् तुम्ही नाटक करून नाही राहिले हे आधी सांगतो. घरात रोजची दारू, मारझोड, भीती असली की लेकराचं शरीर सतत अलर्टवर राहते, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल वाढते, अन् आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, त्यावर त्याचा परिणाम होऊ शकते, म्हणून काही प्रसंग नीट साठत नसतील, तर काहींचा विचारच मन टाळते. दुखणंही खरंच राहते, मज्जासंस्था जास्तच जागी झाली की साधा ताणही दुखण्यासारखा लागते. अमेरिकेत फेलिट्टी अन् अँडा या डॉक्टरांचा साडेनऊ हजारांवर लोकांचा अभ्यास १९९८ मध्ये छापून आला, त्यात लहानपणीचे त्रास जितके जास्त तितके मोठेपणी आजार जास्त असंच दिसलं.

आमच्या गावात एक वहिनी आहे, कापूस वेचताना बांधावरून कोणी जोरात ओरडलं की पोट धरून खालीच बसते. सोनोग्राफी दोनदा झाली, काहीच नाही निघालं, मग सासूनं बाहेरचं हाय म्हणून लिंबू उतरवलं (तेही दोनदा).

पण लगेच ट्रॉमाच (मनावरचा जुना आघात) आहे असं धरून बसू नका, आधी बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन पाहून घ्या. तीन वर्षांच्या आधीचं तर बहुतेक कोणालेच आठवत नाही. अन् कोणी संमोहनानं आठवणी काढून देतो म्हणलं तर जाऊ नका बापा, खोट्या आठवणीही तयार होतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत फुकट बोलता येते.