प्रतिस्पर्धी क्लबकडे जाताना कोचनं राजीनामा आधी द्यावा की नंतर?

तुम्ही विचारलंय : नागपुरात एका छोट्या फुटबॉल क्लबचा कोच आहे, शहरातल्याच मोठ्या प्रतिस्पर्धी क्लबनं तोंडी बोलावणं धाडलंय, मग राजीनामा आधी देऊ की नंतर?

नंतर. आधी नव्या क्लबच्या सचिवाला तुमच्या सचिवाशी बोलू द्या, तेही पत्रानं. तोंडी शब्दावर जागा सोडली आणि तिकडचा स्पॉन्सर मागे हटला, तर तुम्ही दोन्हीकडून जाल.

ॲलेक्स मॅकलिश यांनी जून २०११ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम सिटी क्लबला ईमेलनं राजीनामा पाठवला आणि आठवड्याच्या आत ते त्याच शहरातल्या ॲस्टन व्हिलाचे मॅनेजर झाले. बर्मिंगहॅमनं भरपाई मागितली, व्हिलाचे चाहते पहिल्या दिवसापासून विरोधात होते. ३८ पैकी ७ सामने जिंकून संघ १६ वा आला आणि मे २०१२ मध्ये त्यांना काढलं. शेजारच्या क्लबातून आलेल्या कोचला पहिल्या दोन पराभवांची सूट मिळत नाही, हे गृहीत धरूनच जा.

याउलट कोच रुबेन अमोरिम. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबसोबतच्या करारात १ कोटी युरोचा रिलीज क्लॉज (म्हणजे एवढी रक्कम भरली की कोचला सोडायचं ही अट) आणि ३० दिवसांची नोटीस आधीच लिहिलेली होती. मँचेस्टर युनायटेडला ते लवकर हवे होते, म्हणून त्यांनी आणखी १० लाख युरो मोजले. तरी अमोरिम यांनी ठरलेल्या दिवसापर्यंतचे स्पोर्टिंगचे सामने पूर्ण केले, मँचेस्टर सिटीला ४-१ नं हरवलं आणि ११ नोव्हेंबर २०२४ ला नवं काम हाती घेतलं. रक्कम आणि दिवस, एवढे दोन आकडे कागदावर असले की भांडायला फार काही उरत नाही.

तुमच्याकडे बहुधा करारच नसेल. मग नव्या क्लबकडून तरी लेखी घ्या : मानधन किती, कोणत्या तारखेला, नोटीस किती दिवसांची, मध्येच काढलं तर किती महिन्यांचे पैसे. फिफाच्या १ जानेवारी २०२१ पासूनच्या कोचविषयक नियमांत दोन पगार थकले तर कोचनं लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत द्यावी आणि मगच करार मोडावा, असं आहे. तो नियम आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या वादांसाठी आहे, पण तीच अट आपल्या करारात जशीच्या तशी उतरवून घ्यायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

ट्रान्सफर विंडो खेळाडूंना असते, कोचला नाही, म्हणून लीग चालू असतानाही तुम्ही जाऊ शकता. मुलं मात्र तशी येत नाहीत. त्यांची नोंदणी एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत जुन्या क्लबच्या नावावर असते, रीतसर ट्रान्सफर झाल्याशिवाय नव्या जर्सीत उतरवलं तर सामनाच हातचा जायचा. एफसी गोवा क्लबचे आधीचे कोच सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये मुंबई सिटी क्लबात आले तेव्हा गोव्याचे चार खेळाडूही तिकडे गेले, पण त्यातल्या ह्युगो बूमूससाठी मुंबईला गोव्याला पैसे मोजावे लागले. कामठी, मोमिनपुऱ्यात अशी बातमी संध्याकाळच्या आत मैदानावर पोचते, म्हणून पत्र हाती येईपर्यंत एकाही मुलाला फोन करू नका.

निघताना बॉल, बिब्स, कोन, पंप, मुलांच्या जन्मदाखल्यांची फाईल आणि खोलीची किल्ली यादी करून परत द्या, त्या यादीवर सचिवाची सही घ्या. थकलेलं मानधनही त्याच कागदावर लिहून घ्या, नंतर कोणी ओळख दाखवत नाही.