स्लोव्हेनियातल्या ह्रास्तोव्ल्ये या गावाचं नाव कशावरून पडलं? तिथलं चर्च बघण्यासारखं आहे का?

स्लोव्हेनियन भाषेत 'ह्रास्त' म्हणजे ओकचं झाड, त्यावरून हे नाव. गाव कोपर या बंदराच्या शहराजवळ, इस्त्रिया द्वीपकल्पात. पवित्र त्रित्वाचं चर्च अगदी लहान, पण ते जरूर बघा. भोवती उंच तटबंदी आहे, 16व्या शतकातली, तुर्की स्वाऱ्यांपासून बचावासाठी बांधलेली. त्यामुळे बाहेरून ते छोट्या गढीसारखंच दिसतं.

आत गेल्यावर आधी दक्षिणेच्या भिंतीकडे वळा. तिथे कास्ताव गावच्या यानेझ या चित्रकाराने 1490मध्ये पुरं केलेलं 'मृत्यूचं नृत्य' हे भित्तिचित्र आहे. सांगाडे पोप, राजा, भिकारी, लहान मूल अशा सगळ्यांना हाताला धरून मृत्यूच्या सिंहासनाकडे नेताहेत. धनिकाचा हात मात्र पैशाच्या थैलीत! ही चित्रं चुन्याच्या थरांखाली दडली होती, 1949मध्ये उजेडात आली. दार बंद असू शकतं, म्हणून वेळ आधी विचारून निघा.